नानाय सेबियाची साक्ष

लग्नाच्या दिवशीसुद्धा सियांगला चैन नव्हतं. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचून ती सकाळी साडेसहालाच बास्केटबॉलच्या मैदानावर हजर झाली होती आणि बावीस जोडप्यांच्या फायली टेबलावर ओळीने मांडत होती. तेविसावी फाईल तिची स्वतःची. ती तिने सगळ्यांच्या खाली ठेवली, मग वर काढली, मग पुन्हा खाली सरकवली. जणू फाईलसुद्धा लाजत होती.

"नांग सियांग, आज तरी बसा हो एका जागी!" ॲटर्नी ग्रासिएला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. "नवरी आहात तुम्ही!"

"बसते ना. सतरा नंबरचा जन्मदाखला तुम्ही कुठं ठेवलात तेवढं सांगा, लगेच बसते."

ग्रासिएलाने पिशवी उलटी केली, खिसे चाचपले, खुर्चीखाली वाकून पाहिलं. दाखला तिच्या काखेत होता.

"पालोमार आणि कन्या" हे वकिलांचं ऑफिस गिमारास बेटावरच्या या गावात लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या माडीवर होतं. पालोमार म्हणजे म्हातारे ॲटर्नी सिप्रियानो, आणि कन्या म्हणजे ही ग्रासिएला. दरवर्षी मे महिन्यात, आंबा उतरायला लागला की, हे दोघे पैसेवाल्या पक्षकारांना दोन आठवडे दार बंद करायचे आणि एकच काम करायचे: वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या, पण कागदोपत्री कुणीच नसलेल्या जोडप्यांची लग्नं लावून द्यायचे. जन्मदाखले हुडकायचे, त्यातल्या चुका निस्तरायच्या, शपथपत्रं करायची, पलीकडच्या इलोइलोहून जजबाईंना होडीत घालून आणायचं. पहिल्या वर्षी तीन जोडपी होती आणि त्यातलं एक ऐनवेळी भांडून निघून गेलं होतं. हे एकतिसावं वर्ष. कालच एक हॉटेलवाला जमिनीच्या कामासाठी खास इलोइलोहून आला, तर म्हाताऱ्याने त्याला माडीच्या जिन्यातच गाठलं. "लग्नं झाली की या," म्हणाला. बिचारा सूटबूट घालून आला होता. जाताना त्याच्या हातात दोन आंबे देऊन त्याची बोळवण केली.

या ऑफिसात लिहिण्या-टाइपण्याचं सगळं काम गेली सव्वीस वर्षं सियांग करत होती. तिचं पूर्ण नाव कॉन्सोर्सिया गाल्बो, पण त्या नावाने तिला फक्त टपालवाला ओळखत असे; बाकी गावाची ती नांग, म्हणजे ताई. अर्ध्या गावाची लग्नं तिच्या बोटांखालून गेली होती. आणि ती स्वतः? होडीवाल्या फेर्मिनबरोबर ती एकोणतीस वर्षं संसार करत होती, दोघांना दूर परदेशी कामाला असलेले दोन मुलगे होते, एक नात होती, आणि कुठलाही फॉर्म भरायची वेळ आली की ती मान खाली घालून "अविवाहित" लिहीत होती.

याला कारण सुकोब. एकाच घरातल्या दोन भावंडांनी एकाच वर्षात लग्न करायचं नाही, केलं की एकाचं नशीब दुसऱ्याचं नशीब खातं. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सियांगला सहा भावंडं. ती फेर्मिनचा हात धरून घरी आली त्या वर्षी तिच्या भावाचं लग्न ठरलेलं होतं. पुढच्या वर्षी बहिणीचं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एकीचं, तेही घाईघाईने, का ते विचारू नका. मग वडील वारले, ते वर्षही गेलं. कुणीतरी आधीच नंबर लावून बसलेलं असायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली की माणूस विचारायचं सोडतो.

तिची आई, नानाय सेबिया, या बाबतीत रेसभर ढळायची नाही. आणि तिला तसं कारणही होतं. तिची थोरली रोसालिना आणि थोरला दोमिंग एकाच वर्षात लग्न करून बसले. त्याच डिसेंबरात रोसालिना बाळंतपणात गेली. त्यानंतर त्या घरात सुकोबवर कुणी हसलं नाही. सियांगही नाही. ऑफिसात ती कायद्याची कलमं तोंडपाठ म्हणायची, पण रोसालिनाच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली तिने पाहिली होती.

मग गेल्या नोव्हेंबरात फेर्मिनचं आतडं फुटलं. पलीकडच्या दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" सियांगने तोंड उघडलं आणि तिला उत्तरच सुचलं नाही. शेवटी सही करायला फेर्मिनचा चुलतभाऊ होडीने येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास ती बाकावर बसून होती, आणि आतून फेर्मिनचा आवाज येत होता. तो वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं, जुलैमध्ये दुसरं ऑपरेशन करावं लागेल.

घरी परतताना होडीतच तिने ठरवलं. जुलैच्या फॉर्मवर सही आपली. बायको म्हणून. डिसेंबर संपेपर्यंत तिने एकेका भावंडाला फोन करून खात्री केली: कुणाचं लग्न नाही ना, कुणाची तब्येत नाजूक नाही ना? बाकी सगळी लग्न झालेली. राहिलेला एकटा धाकटा वेंडेल. तो अडतीस वर्षांचा, जहाजावर स्वयंपाकी, आणि बायको म्हटलं की जहाजाच्या दुसऱ्या टोकाला पळणारा. वर्ष मोकळं होतं! इतक्या वर्षांनी विचारलं, तर वर्ष साफ मोकळं निघालं. नानायने कॅलेंडरवर बोट फिरवत बारा महिने मोजले आणि मान डोलावली. "लाव नंबर," म्हणाली.

आठ वाजेपर्यंत मैदानावर नुसता कल्ला उडाला. नारळाच्या झावळ्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. शाळेच्या बँडमधला ढोलवाला अंगात आल्यासारखा ढोल बडवत होता. नवऱ्यामुलांतला सगळ्यात म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि पातळ पांढऱ्या बारोंग शर्टातून त्याचा लाल बनियन दिसतो म्हणून त्याची नवरी सगळ्यांदेखत त्याला झापत होती. नातवंडंच करवल्या आणि नातवंडंच फुलं उधळणारी. मागे तीन डुकरं अखंड भाजली जात होती आणि त्या वासाने जजबाईंचंही लक्ष कागदांवरून उडत होतं.

"अकराच्या आत मला निघायला हवं हं," जजबाई घड्याळ दाखवत म्हणाल्या. "ओहोटी लागली की तुमच्या होडीवाल्यांचं तोंड वाकडं होतं."

"होडीवाला आज नवरामुलगा आहे, जजबाई," फेर्मिन म्हणाला. "आज त्याचं तोंड वाकडं होणारच नाही."

सगळे खदखदून हसले. पंचावन्नाव्या वर्षी इतकं हसू येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती फेर्मिनची कॉलर नीट करत होती तेवढ्यात झावळ्यांच्या कमानीखालून कुणीतरी ओरडलं:

"नांग! ए नांग सियांग! मी आलो गं!"

वेंडेल! हातात बॅग, गळ्यात माळ, चेहरा उन्हाने भाजलेला. सियांग झगा सावरत धावली. त्याने तिला उचलून गरकन फिरवलं. मग बाजूला सरकला आणि मागे उभ्या असलेल्या एका गोऱ्या, घाबरलेल्या मुलीला हाताने पुढे ओढलं.

"म्हणालो होतो ना, सरप्राइज आणतोय! ही जोसेत. नर्स आहे. दावावची. फेब्रुवारीत हाँगकाँगला आम्ही लग्न केलं!"

ढोल वाजतच होता. ढोलवाल्याला काय कल्पना. गाल्बोंच्या बाकावर मात्र सगळ्यांची बोटं महिने मोजायला लागली. सियांगने नानायकडे पाहिलं. नानाय सेबिया हातातली पर्स छातीशी धरून हळूहळू खाली बसली.

"सुकोब," ती म्हणाली. बस, एवढंच.

"अगं नानाय, मला काय माहीत! नांगने डिसेंबरात नुसती चौकशी केली, स्वतःच्या लग्नाचं आठ दिवसांपूर्वी सांगितलं!" वेंडेलचं तोंड उतरलं.

"कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं होतं मी. बारा महिने. आणि तू फेब्रुवारी खाऊन बसलास." नानायने सियांगकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ते पाहून सियांगला जास्त भीती वाटली. "बाई, तो झगा काढ. जानेवारीत बघू."

"नानाय, जुलैला ऑपरेशन आहे."

"म्हणूनच सांगतेय! दोघा भावंडांतल्या एकाचं नशीब जाणार. टेबलावर कोण असणार आहे जुलैत? सांग ना. कोण असणार आहे?"

हाच विचार सियांगच्याही मनात आला होता, आईच्या आधी. ती फेर्मिनला घेऊन बाकांच्या मागे गेली, तिथे पाण्याच्या टाक्या होत्या.

"राहू दे," फेर्मिन म्हणाला. त्याने नव्या शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "चुलतभाऊ आहे की सही करायला."

"मला नकोय चुलतभाऊ! एकोणतीस वर्षं तुझी लुंगी धुतेय मी, आणि दाराबाहेर बसू परत? परकी बाई म्हणून?"

"मग चल, करू या."

"आणि तुला काही झालं तर?"

होडीवाले या गोष्टींना घाबरतात, फेर्मिनही घाबरत होता, आणि ते लपवण्यासाठी त्याने टाकीचा नळ उगाच घट्ट केला. सियांगला रडू फुटलं. राग आला होता तिला, सगळ्यांचा: वेंडेलचा, हाँगकाँगचा, रोसालिनाचा, स्वतःचा.

मैदानावर बावीस जोडपी कुजबुजत होती. ग्रासिएला बापाला बाजूला घेऊन हात हलवत होती. "पापा, समजावा ना त्यांना! कायद्यात असलं काही नाही. हाँगकाँगचं लग्न पक्कं आहे, यांचंही आजच होऊ शकतं. यात अडचणच कुठे आहे?"

"त्या बाकावर अडचण बसलीय," म्हातारा म्हणाला. "तिला तुझी कलमं ऐकायची नाहीत. मला तो क्रेट दे."

कोल्ड्रिंकचा रिकामा क्रेट उलटा करून ॲटर्नी सिप्रियानो नानाय सेबियासमोर बसले. वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरणारे. टाक्यांमागून सियांगला सगळं दिसत होतं.

"नांग सेबिया, अभिनंदन. सून आली घरात."

"कसलं अभिनंदन!"

"का बरं? मुलगा उजवला. धाकटा. सगळ्यात लाडका ना हा?"

"लाडका! म्हणून आईला न सांगता..."

"कळवलं असेल की फोनवर. आणि थाटात झालं असेल, हाँगकाँग म्हणजे काय लहान गाव आहे?" म्हाताऱ्याने सहज वेंडेलकडे मान वळवली. "किती डुकरं कापलीस रे?"

"एकही नाही, ॲटर्नी," वेंडेल पुटपुटला. "नोंदणीच्या ऑफिसात केलं. वीस मिनिटांत."

"वीस मिनिटांत!" नानाय म्हणाली.

"हो, पण मानलेले आईबाप होते ना? पाठीशी उभं राहायला कुणीतरी?"

"जहाजावरचा एक इलेक्ट्रिशियन होता. आणि दारातला पहारेकरी."

"पहारेकरी!" नानायचा आवाज चढला. चेहरा लाल झाला.

आणि तिथेच सियांगचं रडू थांबलं. सव्वीस वर्षं ती या माणसाच्या बाजूला बसून साक्षी लिहून घेत होती. म्हातारा कधी साक्षीदाराशी वाद घालत नसे. तो साक्षीदाराला त्याच्या मनातल्या ठसठशीवर बोट ठेवून रागावू द्यायचा, आणि माणूस रागावला की खरं बोलतो. आत्ता तो तेच करत होता. सियांगने डोळे पुसले, झगा खोचला आणि टेबलाकडे पळत सुटली. "ग्रास! इंदाय ग्रास! टाइपरायटर इकडे! कोरा कागद!"

चारचौघांत ती ग्रासिएलाला ॲटर्नी म्हणायची. आज लाडाची 'इंदाय' तोंडातून गेली. ग्रासिएलाने निमूट कागद आणून दिला.

"म्हणजे आशीर्वादाला डोक्यावर हात कुणी ठेवला?" म्हातारा विचारत होता. "दोघांच्या गळ्यात लग्नाची दोरी कुणी घातली?"

"कुणी घालणार? आई इथे, बाप मातीत! चर्च नाही, दोरी नाही, घासभर भात नाही, आईने तोंड पाहिलं नाही पोरीचं!" नानाय उभी राहिली. पर्सने तिने वेंडेलच्या दंडावर एक सणसणीत लगावली. "नऊ महिने वाहिला तुला! आणि पहारेकरी? याला लग्न म्हणतात? हे काय लग्न झालं? हे लग्नच नव्हे!"

टाइपरायटर धडाधडा वाजायला लागला.

नानायने मागे वळून पाहिलं. सगळ्या मैदानाने वळून पाहिलं. पांढऱ्या झग्यातली नवरी दहा बोटांनी तुटून पडली होती.

"काय लिहितेय ती?" नानाय म्हणाली.

"तुम्ही बोललात ते," ॲटर्नी सिप्रियानो म्हणाले. "आमच्या ऑफिसचा नियम आहे, जे बोललात तेच लिहायचं. वाच गं, सियांग."

सियांगने कागद उचलला. "मी, युसेबिया गाल्बो, वय चौऱ्याऐंशी, शपथेवर सांगते की माझा मुलगा वेंडेल याचं लग्न मी पाहिलेलं नाही. डुक्कर कापलेलं नाही. दोरी घातलेली नाही. साक्षीला दारातला पहारेकरी होता. माझ्या मते हे लग्नच नव्हे."

"पापा," ग्रासिएला हलकेच म्हणाली, "कायद्याने ते लग्न आहे."

"आहेच. कायद्याने नाही असं यात कुठे लिहिलंय? यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव, मी शिक्का मारणार नाही." मग ते नानायकडे वळले. "नांग सेबिया, सुकोब तुमचा. नियम तुमच्या घरचा. मला त्यातलं कळत नाही. तुम्हीच सांगा, या वर्षी तुमच्या घरात किती लग्नं झाली?"

ढोलवाला अखेर थांबला होता. दूर एक होडी सुरू व्हायचा आवाज आला. मग नानायने वेंडेलकडे बोट केलं.

"जानेवारीत," ती म्हणाली. "चर्चमध्ये. माझ्यासमोर. दोन डुकरं."

"तीन, नानाय! तीन!" वेंडेल ओरडला.

"आणि तोवर ही पोर माझ्या खोलीत झोपणार."

"नानाय, ती माझी बायको आहे!"

"कुणी सांगितलं? पहारेकऱ्याने?"

असं हसू फुटलं मैदानावर की जजबाईंचाही चष्मा घसरला. जोसेत बिचारी आधी रडत होती, आता रडता रडता हसत होती. तिने पुढे होऊन नमस्कार म्हणून नानायचा हात आपल्या कपाळाला लावला, आणि नानायने तो काढून घेतला नाही. मग नानायच्या अंगठ्याला शाई लागली, कागदावर ठसा उमटला. म्हाताऱ्याने शिक्का असा आपटला की टेबलावरच्या फायली उडाल्या. सियांगचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. आई हसली नव्हती. सगळे हसले, ती नाही.

साडेदहाला तेवीस जोडपी रांगेत उभी राहिली. सियांग आणि फेर्मिन सगळ्यात शेवटी. नानाय तिच्या मागे, खुर्ची नको म्हणून उभी. जजबाई भराभरा वाचत होत्या. मधेच त्या थांबल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "यांपैकी कुणाच्या लग्नाला कुणाची काही हरकत?" कायद्याने विचारायलाच हवं असं नव्हतं, पण गावाला तो प्रश्न फार आवडायचा.

"मला बोलायचंय," नानाय सेबिया म्हणाली.

जजबाईंनी कागद खाली घेतला.

"हरकत नाही माझी," नानाय म्हणाली. आता तिचे डोळे कोरडे नव्हते. "मघाशी बोलले ते खरंच बोलले. पण वर बसलेला कागद वाचतो की नाही मला माहीत नाही. एक पोर गेलीय माझी. म्हणून आणखी एक ओळ घाला. काही यायचंच असेल, तर ते या पोरांवर नको. माझ्यावर येऊ दे. चौऱ्याऐंशी झाली, पुरे झालं. लिहा, ॲटर्नी."

ॲटर्नी सिप्रियानोंनी खिशातून पेन काढलं. जे बोललात तेच लिहायचं, नियम त्यांचाच होता. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला.

"लिहू नका!"

सव्वीस वर्षांत सियांगने त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. "लिहू नका, ॲटर्नी. मी नाही लिहू देणार. नानाय, तुझ्यावर नको, कुणावरच नको. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय, पण मी भीत भीतच करीन लग्न. तू फक्त इथे उभी राहा. माझ्या मागे. जुलैलाही तशीच राहा."

म्हाताऱ्याने पेनाचं टोपण लावलं. "लिहिणारीच नाही म्हणते, नांग सेबिया," ते म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

नानायने नाक पुसलं आणि दोन पावलं पुढे आली. तिचा सुरकुतलेला हात सियांगच्या पाठीवर पडला, आणि तिथेच राहिला.

"वाचा, जजबाई," सियांग म्हणाली. "माझं नाव वाचा."